पिंपरीला निघालात? पिशवीत एवढे कागद ठेवा

दिवाळी सरली की आमच्या धर्मापुरीत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पिशव्यांच्या रांगा लागतात. पुण्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत विशी-पंचविशीतली पोरे उभी असतात. कुणाबरोबर नवी नवरी असते, कुणाच्या कडेवर लेकरू. आईने बांधून दिलेले ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, डाळ, लोणच्याची बरणी असा सगळा बाजार पिशव्यांत भरलेला असतो. रात्री गाडीत बसायचे आणि सकाळी भोसरी नाही तर चिखलीला उतरायचे.

वाचकहो, गेली सत्तावीस वर्षे मी या गावात दवाखाना चालवतो. पूर्वी म्हाताऱ्या माणसाला विचारले, "मुलगा कुठं असतो?" तर उत्तर यायचे, "तोडीला गेलाय." आता दहापैकी सहा-सात जण म्हणतात, "पिंपरीला असतो." मुलगा चाकणला असो, तळवड्याला असो की मोशीला, आपल्या लेखी ते सारे पिंपरीच. म्हणून आज या सदरात एखाद्या रोगाऐवजी एका शहराबद्दल लिहितो आहे. ते शहर आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि तिथल्या हवापाण्याचा परिणाम माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसतो.

चार गावांचे शहर

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही मुळात पुण्याजवळची चार साधी गावे. १९५४ मध्ये केंद्र सरकारने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारायला घेतला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे इंजेक्शनही तिथे बनू लागले. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना पिंपरी हे नाव प्रथम कळले ते औषधांमुळे, मोटारींमुळे नव्हे.

साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, बजाज आणि टेल्कोसारखे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली, दिघी, वाकड, रावेत अशी आणखी अठरा गावे तिच्या हद्दीत आली. लोकसंख्येचे आकडे पाहा. १९९१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख १७ हजार, २००१ मध्ये १० लाखांवर आणि २०११ मध्ये १७ लाख २७ हजार. दर दहा वर्षांनी जवळजवळ दुपटीची चाल. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, पण गाव रिकामे होण्याचा वेग पाहिला तर शहर किती भरले असेल याचा अंदाज येथे बसूनही येतो.

या वाढीत आपला वाटा आहे. मराठवाड्यातल्या पोरांनी तिथे यंत्रे चालवली, इमारती बांधल्या, गाड्या हाकल्या. त्याबद्दल मला अभिमानच आहे. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट ध्यानात येते. माणूस एका रात्रीत तिथे पोहोचतो. जलवाहिनी, गटार आणि दवाखाना मात्र एका रात्रीत पोहोचत नाहीत. शहर कितीही श्रीमंत असो, माणसे आधी येतात आणि सोयी मागून. मधल्या काळात रोगाला मोकळे रान मिळते. तेवढ्या काळापुरती आपली काळजी आपल्यालाच सोबत न्यावी लागते.

माझी एक चूक

एक उदाहरण सांगतो. यात चूक माझीही आहे, म्हणून ते सांगणे मला भाग आहे.

२०२२ ची संक्रांत झाल्यावर गावातला एक तरुण माझ्याकडे आला. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी अंगात कसर, वजन उतरलेले. मी त्याला थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवले. क्षयरोग निघाला आणि मोफत औषधे सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी तो माझ्याकडे वजनाच्या काट्यावर उभा राहायचा. मार्चअखेर साडेतीन किलो वजन वाढले, खोकला थांबला, भूक लागू लागली.

एके दिवशी तो पिशवी घेऊनच दवाखान्यात आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, चिखलीला काम मिळालंय. मावसभाऊ आहे तिथं. रात्रीच्या गाडीनं निघालो."

मी म्हणालो, "गोळ्या चुकवू नको रे."

"नाही साहेब, कशाला चुकवू?" म्हणत त्याने हात जोडले आणि तो गेला. दवाखान्यात गर्दी होती. मी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

त्या दिवशी मी त्याला दोन ओळींचे पत्र लिहून दिले नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन त्याचे नाव तिकडे वर्ग करून घे, असेही सांगितले नाही. दहा मिनिटांचे काम होते.

दिवाळीला तो परत आला तेव्हा मी त्याला ओळखलेच नाही. गालफडे बसलेली, थुंकीतून रक्त. विचारल्यावर हळूहळू सगळे सांगितले. सोबत नेलेल्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या. बारा तासांची पाळी, सुट्टी घेतली तर हजेरी कापली जायची. तिथला सरकारी दवाखाना कुठे आहे, हे ठाऊक नव्हते. शिवाय खोलीतल्या पोरांना आजार कळला तर बाहेर काढतील अशी धास्ती. "आणि बरं वाटत होतं ना साहेब, म्हणलं झालो बरा. मग कामून खायच्या गोळ्या?"

पुन्हा तपासणी केली तेव्हा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग निघाला. सहा महिन्यांत संपणारे काम दीड वर्षावर गेले. गोळ्यांची संख्या वाढली, मळमळ वाढली, नोकरी गेली, बायकोच्या अंगावरचे डोरले गहाण पडले. चिखलीच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत होते. त्यांतल्या आणखी एकाला तोच आजार निघाला. आज दोघेही बरे आहेत, हे देवाचे आणि त्यांच्या बायकांच्या चिकाटीचे उपकार. पण त्या दिवशी मी दहा मिनिटे काढली असती तर कदाचित ही वेळ आली नसती, हे मनातून जात नाही.

बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे

क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढते. पण काही जंतू शरीरात झोपी गेल्यासारखे पडून असतात. त्यांना संपवण्यासाठी पुढचे चार महिने लागतात. गोळ्या मध्येच थांबवल्या तर हेच उरलेले जंतू पुन्हा उठतात. गोळ्या तोडून तोडून घेतल्या तर औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे टिकतात आणि वाढतात. शेत अर्धेच खुरपून सोडले तर तण पुन्हा माजते, तसेच हे.

उपचार नियमित सुरू असले की थोड्याच आठवड्यांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणजे खोलीतल्या मित्रांना खरा धोका गोळ्या घेणाऱ्याकडून नसतो, गोळ्या सोडणाऱ्याकडून असतो. हे पोरांना कळले तर लपवाछपवीची गरजच उरणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाव बदलले म्हणून उपचार बदलावे लागत नाहीत. क्षयरुग्णाची नोंद 'निक्षय' या देशभराच्या प्रणालीत होते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. जाण्यापूर्वी आपल्या दवाखान्यात सांगितले की नाव नव्या गावाच्या केंद्राकडे वर्ग करता येते. औषधे तिथेही मोफतच मिळतात. पोषणासाठी सरकार रुग्णाच्या बँक खात्यात पैसे जमा करते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला एक हजार रुपये झाली आहे. क्रमांक बरोबर असला की हा सगळा संसार बरोबर जातो.

पाणी साठवण्याची आपली सवय

आता पाण्याबद्दल. आपण दुष्काळी मुलखातली माणसे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळे नळ आला की घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवायचे, हे आपल्या हाडीमांशी खिळलेले आहे. पिंपरी-चिंचवडला पवना नदीचे पाणी मिळते, पण वस्ती वाढत गेली आणि नोव्हेंबर २०१९ पासून तिथेही दिवसाआड पाणी सुरू झाले. झाले! आपली जुनी सवय तिथे अधिकच पक्की झाली. खोलीच्या दाराशी पिंप, मोरीत पिंप, गच्चीवर उघडी टाकी.

डेंग्यूचा डास घाण गटारात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस प्रत्येक पिंप, हौद, कुंडीखालची थाळी आणि कूलर पूर्ण रिकामा करून आतून घासून पुसायचा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पिंपाला घट्ट झाकण नसेल तर जुने लुगडे बांधा. हा डास दिवसा चावतो. त्यामुळे रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी दिवसाच मच्छरदाणी लावावी.

ताप आला, अंग मोडून आले, डोळ्यांमागे दुखू लागले तर पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या किंवा इंजेक्शने मागू नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणखी एक गोष्ट. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तो दिवस सुटकेचा समजू नका. त्याच सुमारास पोट फार दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे किंवा गुंगी येणे असे काही दिसले तर गावाकडची गाडी पकडू नका, तिथल्याच मोठ्या रुग्णालयात जा. रात्रभर गाडीत बसून इथे आलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. प्रवासातले ते दहा तास फार महाग पडतात.

पिण्याच्या पाण्याचीही हीच तऱ्हा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन बारे सिंड्रोम या आजाराची साथ आली. हातापायांतली शक्ती जाते, काहींचा श्वासही अडकतो. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. सर्वाधिक झळ बसली ती सिंहगड रस्त्याच्या परिसराला. त्यात नांदेड (हे आपले नांदेड नव्हे) आणि किरकटवाडी ही २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेली गावे होती. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. दूषित पाणी आणि कच्चे मांस यांतून तो पोटात जातो, जुलाब होतात आणि काहींच्या बाबतीत त्यानंतर नसांवर परिणाम होतो. गाव हद्दीत आले म्हणून नळाचे पाणी त्याच दिवशी शुद्ध होत नाही, हा त्यातला धडा. नव्या वस्तीत राहायला गेलात तर पाणी उकळूनच प्या. बोअर आणि टँकरच्या पाण्याला तर हा नियम पक्का. चांगली उकळी फुटू द्या आणि झाकून ठेवा. जुलाबानंतर पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा वर चढतो आहे असे वाटले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आबा आणि त्यांच्या गोळ्या

तरुणांच्या मागून म्हातारी माणसेही जातात. नातवंडे सांभाळायला कुणीतरी लागतेच. आमच्या गावचे एक आबा मोशीला मुलाकडे गेले. रक्तदाबाच्या गोळ्या बारा वर्षे चालू होत्या. तिकडे पाकीट संपले. सून कामावर, मुलगा कामावर, आबांना चौथ्या मजल्यावरून उतरायचा कंटाळा. "पोराला कामून त्रास द्यायचा?" म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्या महिन्यात उजवा हात आणि पाय गेला. आता ते गावी असतात, काठी धरून केदारेश्वराच्या मंदिरापर्यंत कसेबसे चालतात.

रक्तदाब काय आणि मधुमेह काय, दुखत नाहीत म्हणून विसरतात. म्हाताऱ्या माणसाला नेताना दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर द्या आणि त्या संपण्यापूर्वी आठ दिवस आधी नव्या आणा. मुलांनो, रोज संध्याकाळी "जेवलात का?" विचारता, तसे "गोळी घेतली का?" एवढेही विचारत जा.

पिशवीत काय हवे

ऊसतोडीला निघताना आपली माणसे कोयत्यापासून तव्यापर्यंत सगळे आठवून घेत. मुकादम, टोळी, जाण्याचा महिना आणि परतण्याचा महिना ठरलेला असे. दसऱ्याआधी मी चार-पाच महिन्यांची औषधे बांधून देत असे. पिंपरीच्या वाटेला असा हंगाम नाही. फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस निघतो. म्हणून ही यादी आधीच घरात तयार असू द्या. प्लास्टिकच्या एका पिशवीत पुढील गोष्टी ठेवा.

१. आजाराचे नाव, चालू गोळ्यांची नावे आणि मात्रा लिहिलेले डॉक्टरांचे पत्र. मोबाईलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा.

२. क्षयाचा रुग्ण असेल तर निक्षय क्रमांक, आणि निघण्यापूर्वी नाव वर्ग केल्याची खात्री.

३. लेकराचे लसीकरणाचे कार्ड. राहिलेली लस तिथल्या सरकारी केंद्रातही मोफत मिळते. कार्ड नसले की कोणती टोचली आणि कोणती राहिली, हे कुणालाच सांगता येत नाही.

४. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि सोनोग्राफीचे कागद.

५. शिधापत्रिका आणि आधार कार्डाच्या प्रती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी या लागतात. हक्काचे धान्यही आता गाव बदलल्यावर तिथल्या रेशन दुकानातून घेता येते.

६. निदान एक महिन्याची चालू औषधे.

तिथे पोहोचल्यावर पहिल्याच सुट्टीला एक काम करा. आपल्या खोलीजवळचा महापालिकेचा दवाखाना शोधून ठेवा. मोठ्या आजारासाठी पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. आजारी पडल्यावर पत्ता विचारत फिरणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर थुंकी तपासून घ्या. खोलीतल्या मित्राला असला तर त्यालाही घेऊन जा. त्याला बाहेर काढू नका. बाहेर काढलेला माणूस गोळ्या सोडतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन खोकतो.

आता माझ्या टेबलाच्या खणात कोऱ्या कागदांची एक चवड वेगळी ठेवलेली असते. कुणी म्हणाले, "साहेब, रात्रीच्या गाडीनं निघालो," की मी पुढच्या रुग्णाला थांबायला सांगतो आणि पत्र लिहितो. गर्दीतले लोक कुरकुर करतात, करोत. परवा तोच चिखलीचा तरुण धाकट्या भावाला घेऊन आला होता. भाऊ पहिल्यांदाच पिंपरीला निघाला होता, आजार काहीच नव्हता. मी म्हणालो, "याला कशाला आणलंस रे? हा तर धडधाकट आहे."

तो म्हणाला, "साहेब, तिथला दवाखाना कुठं आहे ते मी सांगितलंय त्याला. तुम्ही फक्त रक्तगट लिहून द्या कागदावर."

मी त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, गट पाहिला आणि कागदावर लिहून दिला. त्याने तो घडी घालून चटणीच्या डब्याशेजारी ठेवला. वाचकहो, तुमच्या घरातले कुणी या आठवड्यात निघणार असेल तर डब्याशेजारी असा एक कागद आहे ना, हे पिशवी बांधताना पाहून घ्या.